काळी अँबेसेडर

"बोटभर खाली गेलं," शकुंतलाबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "शुक्रवारी मी चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. पाह्य."

सत्यवतीने पाहिलं नाही. मनूच्या झबल्याची नाडी तिने दातांत धरली होती आणि दुसरं टोक मनगटाने दाबून ती गाठ आवळत होती. आठ महिन्यांची मनू तिच्या मांडीवर पालथी पडून पदराचा काठ चघळत होती.

"मामाजींनी दोनदा लावलं असेल," नाडी सोडून ती म्हणाली. "थंडी वाढली ना, बाई."

"दोनदा? मोहाच्या तेलानं आंघोळ करतेत का काय थे?" सासूबाईंनी बूच घट्ट बसवलं. "तुले काय वाटते, मले समजत नाही? महिन्याची बाटली पंधरा दिवसांत खाली. तेल पायानं चालत जात नसते कुठी. कोणीतरी नेते, तवाच जाते."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान ज्या बाजूला वळवली त्या बाजूला पवनीची वस्ती संपत होती आणि भंडाऱ्याची सडक सुरू होत होती. आणि त्या सडकेवर कोंढा हे गाव होतं.

 तेल सत्यवतीच घेत होती. रोज पहाटे, सगळ्यांच्या आधी उठून, मनूच्या आंघोळीचं पाणी तापवायच्या निमित्ताने ती चुलीपाशी बसे, आधी त्या पाण्यात स्वतःचे हात बुडवून ठेवी, आणि मग कपाटातल्या बाटलीतलं तेल बोटांच्या पेरांना चोळी. तेव्हा कुठे मुठी निम्म्या उघडत. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी हे सुरू झालं होतं. आधी उजव्या हाताची मधली दोन बोटं, मग डाव्याची, मग दोन्ही मनगटं. घरात कुणालाही तिने सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. कपबशी दोन्ही तळव्यांत धरून आणायची, कणीक कोपराच्या जोराने मळायची, पिळायचे कपडे मोलकरणीवर सोडायचे. मनूला उचलताना तर बोटं वापरायचीच नाहीत. हात तिच्या काखेखालून सारून, कोपरांच्या बेचक्यात तिला उचलायची.

"लेकराले असं काहून धरते वं, सुपासारखं?" असं एकदा बाईंनी विचारलं होतंच.

सांगितलं नाही, त्याला कारण होतं. या घरात असे हात याआधी एकीचे झाले होते.

ते तिला बारशाच्या दिवशी कळलं, दिघोरीहून आलेल्या मनकर्णा आत्यांकडून. आत्या म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण. पाळण्याची दोरी ओढता ओढता, गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये त्या सहज सांगून गेल्या: धनीराम हा शकुंतलाबाईंच्या पोटचा नाही. मारोतरावांची पहिली बायको कुंताबाई, तिचा तो मुलगा. तो आठ महिन्यांचा असताना कुंताबाईचे हात वाकडे झाले. तिला कोंढ्याला माहेरी पोचवलं, आणि लेकरू ठेवून घेतलं. सहा महिन्यांत शकुंतलाबाई आल्या. "तेहतीस वर्स झाले पोरी," आत्या म्हणाल्या, "आन सोळा किलोमीटर नाही कोंढा. पण एकडाव बी कोणी गेलं नाही."

धनीराम म्हणजे सत्यवतीचा नवरा. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्याने तिला हे सांगितलं नव्हतं. बी. ए. झालेली, चार पुस्तकं वाचलेली सत्यवती त्या दिवसापासून या घरातल्या प्रत्येक वाक्याच्या मागे बघायला शिकली. मनूला आज सकाळी आठ महिने आणि पाच दिवस झाले होते.

"आज गाडी येऊन राहिली ना," बाई बाटली कमरेला खोचल्यासारखी पदरात घेऊन उठल्या. "येऊ दे. आज मी विचारतोच."

*

गाडी साडेनऊला आली. तुलाराम मिस्त्रीने गल्लीच्या तोंडाशीच दोनदा हॉर्न वाजवला, आणि समोरच्या घरातल्या बेबीबाईपासून सगळी गल्ली दारात आली.

काळी अँबेसेडर, सदुसष्टची. साकोलीच्या एका निवृत्त रेंजरसाहेबांची होती; सोळा वर्षांत त्यांनी ती जंगलात कमी आणि फडक्याने पुसण्यात जास्त चालवली होती. गोल बोजड पाठ, पुढे चकचकीत जाळी, आत लांब सलग सीट. स्टिअरिंगवर मात्र सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून गुंडाळून ते चांगलं मनगटाएवढं जाड केलेलं होतं.

"हे काय करून ठेवलं गा?" घनश्यामने खिडकीतून डोकं घालून विचारलं. घनश्याम धाकटा, शकुंतलाबाईंच्या पोटचा.

"बाबूजीनंच सांगतलं होतं," तुलाराम म्हणाला. "बारीक चाक त्यांच्या मुठीत बसत नाही. जाड केलं का तळव्यानं फिरते."

मारोतराव ओट्यावरून उतरले. मफलर, स्वेटर, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं. वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या राइस मिलचा ट्रक हाकला होता, पण गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी फुगून वाकडी झाली होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली, आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

तुलारामला तेवढंच हवं होतं.

"पाहा बाप्पा! आत उभं राहून आंघोळ करता येते. प्लग काढा, पट्टा बदला, काही करा, हात कोपरापर्यंत जाते. बोट मुडपाचं कामच नाही. तीन पाने, एक पेचकस आन थोडी तार, एवढ्यावर ही गाडी नातवाच्या लग्नापर्यंत चालन. दुसरी कोणती घेतली तं सामानासाठी नागपूरले पळा. हिचं सामान पवनीत नाही भेटलं तं भंडाऱ्याले भेटते, आन नाहीच भेटलं तं मी घडवून देतो."

"तूच घडवणार, आन तूच दर महिन्याले मोडणार," मनकर्णा आत्या बाजेवरून म्हणाल्या. मांडीवरच्या सुपात त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "माया भाऊ म्हातारपणी नवरदेव झाला गा! घोड्याच्या जागी काळी गाडी."

गल्लीतल्या बायका हसल्या. शकुंतलाबाई हसल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या. आणि मनूला कडेवर घेतलेली सत्यवती त्यांचा चेहरा बघत होती.

"बाबा, एक विचारू?" घनश्याम म्हणाला. "तुमाले शर्टाची गुंडी लावता येत नाही. गाडी कशी चालवान?"

"शर्ट मले कुठं नेऊन राहिला?" मारोतराव म्हणाले.

"मजाक नाही करून राहिलो. जीप घेऊ म्हटलं तं नको म्हटलं. ड्रायव्हर ठेवू म्हटलं तं नको. कागदावर नाव कोणाचं टाकून राहिले, थे तरी सांगा."

"हे विचारायले इतका फेरा घेतला?" धनीराम पहिल्यांदाच बोलला. ओट्याच्या खांबाला टेकून तो उभा होता.

"तुले काय विचाराची गरज, दादा? तुले न विचारता भेटते."

"काय भेटलं रे मले न विचारता? सांग ना. गल्ली जमली हाय, सगळ्यायसमोर सांग."

घनश्यामने गाडीच्या दाराची मूठ उगाच फिरवली.  धनीरामने विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, की त्याला न विचारता दुसरी आई मिळाली होती, आणि ते त्याच्या तोंडावर कुणी बोलणार नव्हतं. सत्यवतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बापाकडे पाहत होता आणि बाप इंजिनाकडे.

"ड्रायव्हर काहून नको, थे मी सांगतो," शकुंतलाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "ड्रायव्हर ठेवला तं थो गावात सांगन. बसमंदी गेलं तं कंडक्टर सांगन. आपली गाडी, आपण एकटे. कोणाले पत्ता नाही. कोंढ्याले जाचं हाय ना तुमाले?"

मारोतरावांचा हात बॉनेटवर होता. तो तिथेच राहिला.

"इथं नको," ते म्हणाले.

"काहून नको? मी काय चोरून विचारून राहिली?" त्यांनी पदराखालून बाटली काढली. "तेल मी करते... मोहाच्या बियांची टोळी मी फोडते, घाण्यावर मी बसते. आन अर्धी बाटली कुठं जाते? तुमच्या हाताले एवढं तेल लागलं असतं तं तुमचे हात लोण्यासारखे झाले असते. तिचे बी हात असेच होते, नाही? तिले पोचवून राहिले तुमी. आता तेलासंग स्वतः बी जायले लागले, म्हणून गाडी!"

सत्यवतीच्या घशाशी शब्द आले. मी. मी घेतलं. एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी मनूने तिच्या मानेत तोंड खुपसलं, तिचा ओला गरम श्वास गळ्यापाशी लागला, आणि सत्यवतीचे ओठ मिटले ते मिटलेच. सगळी गल्ली बघत होती. हो म्हटलं की पुढचा प्रश्न, कशाला? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्या पदराखाली, मनूच्या पाठीवर, अर्ध्या मिटलेल्या मुठीत होतं.

मारोतराव बोलतील, नाही म्हणतील, असं तिला वाटलं. ते म्हणाले, "तेलाचं मले नको विचारू, शकुन. एवढं ऐक मायं."

याचा अर्थ काय? त्यांना ठाऊक आहे? की ते खरंच कोंढ्याला तेल पाठवतात, आणि बाटलीतून दोन वाटा निघतात, एक तिचा आणि एक त्या दुसरीचा? तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. कुणीतरी मुद्दाम एखाद्याकडे न पाहता उभं राहतं, तसं.

*

"बरं, भांडण मग करा," मनकर्णा आत्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या. "गाडी दारात तशीच उभी ठेवत नसतेत. पीठ कोणी भिजवलं का नाही?"

या घरात नवी वस्तू दारी आली, की ती वापरण्याआधी घरच्या सवाष्णीने तिच्यावर तांदळाच्या ओल्या पिठाचे पाच हात उमटवायचे. छकडा आला तेव्हा उमटले होते, पाण्याचं इंजिन आलं तेव्हा उमटले होते, मिलच्या पट्ट्याच्या चाकावरसुद्धा उमटले होते. पाचही बोटं मोकळी, तळवा भरून. हात जितका भरून उमटेल तितकी ती वस्तू घराला लाभेल, असं म्हणायचे. पिठाची परात सत्यवतीनेच सकाळी भिजवून ठेवली होती. ते हात शकुंतलाबाईंचेच असणार, हे धरून.

"मी नाही लावत," शकुंतलाबाई म्हणाल्या. "ज्या गाडीनं सवतीकडे जाचं, तिच्यावर माया हात उठवू? मले तेवढं खुळं नको समजा."

"माय, लोक पाहून राहिले," घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहू दे. मोठी सून हाय ना घरात. तिले सांगा. ती बी सवाष्णच हाय."

सत्यवतीने मनूला जवळ आवळलं.

"माझ्याकडे मनू आहे, बाई. रडेल ती."

"मायापाशी दे," असं म्हणून बाईंनी हात पुढे केले, आणि ती काही म्हणायच्या आत मनूला तिच्या कोपरांतून काढून घेतलं. मनूला कडेवर बसवलं आणि सराईत हाताने थोपटायला लागल्या. दुसरीचं मूल कसं थोपटायचं हे त्यांना शिकावं लागत नव्हतं.

परात पुढे आली. सत्यवतीने उजवा हात पिठात घातला. पाणी गार होतं. सकाळी मोठ्या कष्टाने सैल केलेली बोटं त्या गारव्याने पुन्हा आखडली. तिने दात आवळले आणि काळ्या बॉनेटवर तळवा दाबला. सगळा भार टाकला. मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण मधली दोन बोटं पत्र्यावर सपाट टेकली नाहीत.

तिने हात उचलला.

काळ्या रंगावर पांढरा तळवा उमटला होता. अंगठा, करंगळी, आणि तर्जनीचं अर्धं पेर. मध्ये नुसता काळा पत्रा, आणि त्यात दूर दोन ठिपके, बोटांच्या टोकांचे.

"आणखीन चार," कुणीतरी मागून म्हणालं.

दुसरा लावला. तोही तसाच. तिसऱ्याला हात परातीकडे नेताना तिला दिसलं की मनकर्णा आत्या बाजेवरून उठल्या आहेत, आणि डोळे बारीक करून गाडीपर्यंत आल्या आहेत.

"बाप्पा रे," त्या म्हणाल्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "असेच होते. नव्या छकड्यावर कुंताचे हात असेच उठले होते. आन तिसऱ्या महिन्यात बैल बसला. तवाच माय म्हणाली होती, ही बाई घराले..."

"आत्याबाई," धनीराम म्हणाला.

"मी काय खोटं सांगून राहिली? विचार तुया बापाले. दोन बोटं नाहीत. पाह्य ना!"

सगळे पाहत होते. बेबीबाई ओट्याच्या कडेपर्यंत आली होती. सत्यवती पिठाचा हात तसाच अधांतरी धरून उभी होती, कारण तो लपवायला आता जागा उरली नव्हती. तिला दिसत होती फक्त मनू, सासूच्या कडेवर, त्यांचं मंगळसूत्र ओढत हसणारी.

शकुंतलाबाईंनी बॉनेटवरचे छापे पाहिले. मग दुसऱ्या हातातली बाटली पाहिली. मग सत्यवतीकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की तुलारामने खोकून पान्यांची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

मग त्यांनी बाटली गाडीच्या टपावर ठेवली, मनूला डाव्या कडेवर सरकवलं, उजवा हात परातीत पंज्यापर्यंत बुडवला आणि सत्यवतीच्या छाप्यावर, बरोबर त्याच जागी, थाडकन दाबला. दुसऱ्यावरही. मग तीन नवे. पाच भरलेले, मोठे, जाड बोटांचे हात.

"पीठ पातळ झालं होतं," त्या गल्लीकडे तोंड करून म्हणाल्या. "घसरलं तिचं. झालं. गूळ वाटा आता."

"मी माया डोळ्यानं पाहिलं, शकुन," आत्या म्हणाल्या.

"तुमाले मोतीबिंदू हाय, बाई. काल तुमी बेबीबाईच्या बकरीले कुत्रा म्हटलं."

गल्ली हसली, आणि त्या हसण्यात माणसं पांगायला लागली. सत्यवती मात्र हसली नाही, आणि तिला सुटल्यासारखंही वाटलं नाही. बाईंनी झाकलं होतं. पण आपल्यासाठी, की घराच्या अब्रूसाठी? की हे असं गाठोड्यात बांधून ठेवायचं, वेळ आली की सोडायचं? मनू अजून त्यांच्याच कडेवर होती.

*

दार लोटल्यावर ओसरीत घरचेच उरले. धनीरामने सत्यवतीचा हात धरला, पिठासकट, आणि बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती कळवळली.

"कवापासून?"

"मनूच्या वेळेपासून."

"आन मले सांगतलं नाही?"

"तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतं?" ती म्हणाली.

त्याला कळलं. त्याने तिचा हात सोडला, म्हणजे टाकला नाही, हळूच खाली ठेवला. भिंतीकडे वळून तो उभा राहिला.

"मले माहीत होतं," मारोतराव म्हणाले. खुर्चीत बसून ते स्वतःचे हात मांडीवर उताणे ठेवून होते. "दिवाळीच्या आधीपासून. ती चहाची कपबशी मायासारखी धरते. पहाटे चुलीपाशी बसलेली पाहिली एकडाव. माया डॉक्टरानं सांगतलं नागपूरले, म्हातारबा, तुमचे हात वाकले तेवढे वाकले, पण कमी वयाचं कोणी असन तं लवकर आणा, थांबवता येते. दर महिन्याले नेणं हाय. लेकरू घेऊन, बसच्या दांडीले लटकून ही जाईन कशी? मीच लटकू शकत नाही."

"मग थे तोंडानं सांगाले काय झालं होतं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?"

बाईंनी मनूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. घनश्यामने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. आत्यांनी पुन्हा सूप ओढून घेतलं होतं, पण शेंग एकही फुटत नव्हती.

"आन कोंढा?" बाई शेवटी म्हणाल्या. "थे खोटं होतं का माया मनातलं?"

मारोतरावांनी मांडीवरचे हात पालथे केले.

"भंडाऱ्यावरून नागपूरले जाताना रस्त्यातच लागते थे," ते म्हणाले.

हे हो होतं की नाही, हे सत्यवतीला ठरवता आलं नाही. सासऱ्यांनी गाडी तिच्यासाठी घेतली होती. पण फक्त तिच्यासाठी? तिचे हात हे त्यांना तेहतीस वर्षांनी मिळालेलं निमित्त तर नव्हतं? आणि असलं, तर त्यात तिने राग मानायचा की आधार, हेही तिला ठरवता येईना. या घरात कुणी काही दिलं तर त्याची दुसरी बाजू उलटून पाहायची सवय तिला लागली होती, आणि आज त्या सवयीचा तिला पहिल्यांदाच थकवा आला.

"चला," शकुंतलाबाई उठल्या. "नवी गाडी गणपतीच्या देवळापुढं नेऊन आणा लागते. मी बी येतो. सत्यवती, समोर बस. यांचा डावा हात गेरवर चालत नाही, तुले दांडी ढकला लागन."

"मला येत नाही, बाई."

"बोटं लागत नाहीत त्याले. मनगटानं ढकल. मी पाह्यलं ट्रकमंदी."

सत्यवती पुढच्या लांब सीटवर बसली. मारोतराव चाकामागे बसले, दोन्ही तळवे ट्यूबवर टेकवून. तुलारामने खिडकीतून हात घालून दांडी कुठे कशी सरकते ते दाखवलं, दोनदा, आणि मागे झाला. बाई मनूला घेऊन मागच्या दारापाशी आल्या. आत बसल्या, आणि दार लावायच्या आधी ओट्याकडे पाहून म्हणाल्या, "तू बी बस, धनी. देवळात नाही जात आपण. तुया मायकडे जाऊन राहिलो."

तेहतीस वर्षांत त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते वाक्य असं, पदराचा बोळा नाकाला लावत, जणू बाजारातून मीठ आणायचं आहे अशा आवाजात उच्चारलं गेलं. धनीराम पायऱ्या उतरून आला. एक पायरी तो चुकला. मग मागे, बाईंच्या बाजूला, हात गुडघ्यांत घालून बसला.

 कोंढा. कशाला? असल्या हातांचं पुढे काय होतं ते दाखवायला? की तिथे अजून एकीसाठी जागा आहे का, ते बघायला? सत्यवती वळली. दोन्ही हात सीटच्या पाठीवरून मागे सारले.

"मनूला द्या, बाई."

"राहू दे मायापाशी. तुले दांडी ढकलाची हाय. तुया हातानं..."

"माझ्या हातांनी धरता येतं तिला," सत्यवती म्हणाली. तिने हात आखडून घेतले नाहीत. "मी तिला कधी पाडलं नाही. एकदाही. ती माझ्यापाशीच राहील. आज पण, आणि नंतर पण. तुम्ही मला कुठेही नेलंत तरी."

 शकुंतलाबाईंनी तिच्या त्या अर्धवट मिटलेल्या, पीठ वाळून तडकलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी मनूला उचललं आणि सीटवरून पुढे, तिच्या कोपरांच्या बेचक्यात दिलं.

"घे बाई," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "तिनं बी तवा असंच म्हणाले पाह्यजे होतं."

मारोतरावांनी क्लच दाबला होता. सत्यवतीने मनूला डाव्या हाताच्या विळख्यात आवळलं आणि उजवं मनगट दांडीवर टेकवलं.

"म्हटलं होतं तिनं," मारोतराव समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले. "ढकल, पोरी."